दगडावरची कोरी जागा

सिस्टर, तुमचं गाव पाहिलं. मी गेली नाही, बहिणीची पोरगी तिकडे आयर्लंडात नर्स आहे, तिला सुट्टीच्या दिवशी पिटाळलं. ती फोनवर दाखवत होती अन् मी इकडे सक्करदऱ्यात घरी भाजी निवडता निवडता तिला रस्ता सांगत होती. पूल ओलांड, डाव्या हाताला लोहार. "मावशी, इथं तर कॉफीचं दुकान आहे." असू दे, पुढे चल, चढावर विहीर. विहीर होती, वरून जाळी मारलेली. पोरगी म्हणते, "तू चौथी नापास, तुले हे कसं मालूम?"

मालूम कसं नसेल? मी कॉन्व्हेंटात स्वयंपाकाला होती तेव्हा ओट्यावर कणकेचं गाव तुम्हीच करायच्या. बोटाने नदी ओढायच्या, टेकडीवर काटा फिरवून वाफे पाडायच्या. एका वर्षी त्या वाफ्यांतले आलू जमिनीतच सडले, लोक उपाशी मेले, उरले ते जहाजात बसून गेले. तुमच्या आजीच्याही आधीची गोष्ट, पण मी आलूची साल जाड काढली की तुम्ही कालच घडल्यासारख्या खेकसायच्या, "काहून वं, हात मोडले काय तुये? एवढ्या सालीत एक लेकरू जगलं असतं." मग गाव मोडून आपण त्याच्या पोळ्या लाटायचो. तुमची आई वारल्याचं कळलं त्या दिवशी मात्र तुम्ही गाव केलं अन् मोडू दिलं नाही. माशा बसल्या तरी तसंच.

टेकडी दिसली. गवताखाली वाफे अजून आहेत. "मावशी, फणी फिरवल्यावाणी दिसून राहिलं." मग चर्चमागे तुमच्या घरच्यांचा दगड. वडील, आई, दोन भाऊ, अन् खाली एक ओळ मावेल एवढी जागा कोरी. तिथली एक म्हातारी म्हणाली, हिंदुस्थानात गेलेल्या पोरीसाठी आईनेच ठेवायला लावली. तुम्ही तर कधीच्या इकडे आपल्या मातीत निजल्या.

म्हातारीने तुमचं नावही सांगितलं. सिस्टर झाल्यावरचं नाही, आईने ठेवलेलं. मी दोनदा म्हणून पाहिलं, पण तुमचा चेहरा काही समोर येईना. कोणाचं कुंपण कुठे, सगळं गाव पाठ होतं मला. तुम्हाला घरी काय हाक मारत, हे मात्र मी कधी विचारलंच नाही. ही चिठ्ठी तुमच्या कबरीवर ठेवायला पाकीट आणलं होतं. त्यावर ते नाव लिहायला हात उठला नाही.