उत्तमच्या वतीने हजर

६ जानेवारी २०२५, सोमवार

आले बाई एकदाची ठाण्यात! चिपळूणहून निघताना आईनं पदर डोळ्यांना लावला आणि मी मेली दात काढत होते. खोली चरईत मिळालीय, स्टेला आंटींच्या घरी, वरच्या मजल्यावर. आंटी इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती. गळ्यात क्रॉस आणि तोंडात अस्सल गावठाणी मराठी. मी बॅग टेकवायच्या आत त्यांनी नाताळच्या फराळातली उरलेली गोड कुलकुलं पुढ्यात ठेवली आणि किती ती वाळकी पोर म्हणून सुनावलंही. खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं, कोर्ट चालत जाण्यासारखं आहे. अजून काय हवं माणसाला?

ऑफिस प्रमोदिनी मॅडमचं, मी त्यांची नवी ज्युनियर वकील. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण जिना माझ्याआधी चढतात. ज्या केसेसना बाकीचे वकील लांबूनच नमस्कार करतात, त्या सगळ्या यांच्याकडे. कायद्याचं अक्षर न काढता त्यांनी आधी चहा कुठला प्यायचा, कुठल्या शिपायाला काका म्हणायचं आणि कुठल्याला साहेब, ते शिकवलं. मला बाई फार आवडल्या.

९ जानेवारी, गुरुवार

आज पहिली केस पाहिली. उत्तम, विठ्ठलवाडीचा. जीन्स धुवायच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या कामगारांची युनियन बांधली, एका सभेत बोलला. त्या भाषणावरून आधी एक कलम लागलं, मग कट काय, देशविरोध काय, माळच लागली. कित्येक वर्षं झाली आत जाऊन, खटला अजून उभा राहायचाय.

त्याची आई गंगुबाई आली होती. मूळची जालन्याकडची. घरी बसून जीन्सचे लोंबते धागे कापते, त्यानं बोटं कायमची निळी पडलीत. ती मला ‘वकीलबाई’ म्हणाली तेव्हा मीच मागे वळून बघितलं, म्हटलं कोणाला हाक मारतेय ही!

अशा कैद्यांना आता कोर्टात आणत नाहीत, पडद्यावर दाखवतात. भिंतीवर टीव्ही, टीव्हीत तुरुंगातली खोली. नावाचा पुकारा होतो, कैदी हजर म्हणतो, पुढची तारीख पडते. संपलं. उत्तमच्या पाठीमागे बाकीचे कैदी दोघादोघांनी उकिडवे बसले होते. मॅडमनी सांगितलं, त्याला जोडी म्हणतात. तुरुंगात गिनती अशीच होते, एकेका जोडीच्या डोक्यावर हात ठेवत मोजत जायचं. आकडा जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही, जेवण नाही, काही नाही. म्हणून आकडा जुळतोच, असं म्हणून मॅडम हसल्या.

उत्तमनं हजर म्हटलं आणि डावा कान धरला. लहानपणी चूक झाली की तो असाच उभा राहायचा म्हणे. आता ती आईसाठी खूण, की मी बरा आहे. गंगुबाई पदराआड हसली.

त्याची मागणी साधी आहे. मला राजकीय कैदी म्हणा, वाचायला पुस्तकं द्या, लिहायला कागद द्या. मॅडम म्हणाल्या, खटला चालू असेल तर कच्चा कैदी असतो, शिक्षा लागली की पक्का असतो, नाहीतर स्थानबद्ध असतो. राजकीय कैदी हा भाषणात असतो, आपल्याकडच्या नियमांत त्याला रकानाच नाही. आणि ज्याला रकाना नाही तो माणूस कुठे ठेवलाय हे विचारायची सोयही नाही. मी म्हटलं, मग आपण करू ना रकाना! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला.

२३ जानेवारी, गुरुवार

आज मी एकटीनं कोर्टात उभी राहिले! मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. उत्तमचा पुकारा झाला आणि पडदा बिघडला. चित्र म्हणजे नुसते ठोकळे, आवाज तर पार गेलेला. कोण बसलंय, बसलंय की नाही, काही कळेना. शिपायानं पुन्हा पुकारलं. मागे वकिलांची रांग खोळंबलेली, सगळे घड्याळं बघतायत. शिरस्तेदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मॅडमनी सांगून ठेवलंच होतं, की आवाज गेला तर वकिलानंच कैद्याच्या वतीनं हजर म्हणायचं. सगळेच म्हणतात, नाहीतर कोर्टाचा दिवस सरायचा नाही.

मी म्हटलं, हजर.

तारीख पडली. मॅडमनी पाठ थोपटली. बाहेर गंगुबाईनं विचारलं, कान धरला का त्यानं? तिला मागच्या बाकावरून काही दिसलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यात काय बिघडतं? म्हातारी सुखानं घरी तर गेली.

३० जानेवारी, गुरुवार

गंगुबाईला घेऊन तुरुंगात गेलेले. दुसऱ्या जिल्ह्यात आहे, जाण्यायेण्यातच दिवस गेला. खिडकीवरच्या हवालदारानं नाव ऐकलं, आत गेला आणि डोकं खाजवत परत आला. असा कोणी नाहीच म्हणाला. मी आवाज चढवला, तेव्हा कोणाला तरी विचारून आला. म्हणे आहे, आहे, गेल्या तारखेला कोर्टात हजर झालाय म्हणजे असणारच की. पण तो भेटीला यायचं नाही म्हणतोय.

आईला भेटायला नाही म्हणणारा उत्तम! कोणाला पटेल?

गंगुबाईनं आणलेली शेंगदाण्याची चटणी तशीच परत नेली. येताना शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. ती एकच गोष्ट बोलत राहिली, की त्याला एकदा हात लावून बघायचंय. सुटका नको, काही नको, नुसता हात लावायचाय. मी तिला शब्द दिला. देऊन बसले.

२ फेब्रुवारी, रविवार

हे कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.

आंटींचा भाचा लॅन्सी जेवायला आला होता. मारामारीच्या केसमध्ये आत होता, परवाच जामिनावर सुटला. त्याच तुरुंगात होता. आणि उत्तमच्याच बराकीत! ऐकून माझा घास तोंडातच राहिला. गिनतीला दोघांची जोडी असायची.

लॅन्सी सांगत होता, संक्रांतीच्या सुमारास उत्तमला ताप भरला, शिपाई त्याला दवाखान्यात म्हणून घेऊन गेले. परत आणलाच नाही. मग रोज संध्याकाळी गिनतीत एक कमी भरायचा, रोज आरडाओरडा, रोज जेवणाला उशीर. आणि एके दिवशी आकडा जुळला. लॅन्सीच्या शेजारची जागा तर रिकामीच होती. शिपायानं लॅन्सीच्या डोक्यावर हात ठेवला, मग शेजारी हवेतच ठेवला आणि पुढे गेला. त्या रिकाम्या जागेवरून कोणीतरी हजर म्हणालं. आवाज बाईचा होता.

मी विचारलं, कधीची गोष्ट? त्याला आठवत होतं, कारण त्याच दुपारी व्हिडिओचं मशीन बंद पडलं होतं.

म्हणजे तेवीस जानेवारी, मी हजर म्हटलं तोच दिवस. तरी मी हसून म्हटलं, कसं म्हणाली ती, असं? हजर?

लॅन्सीच्या हातातला ग्लास पडला. ताटात पापलेट तसंच टाकून तो उठला आणि गेला. आंटी माझ्यावरच चिडल्या, पोराला काय बोललीस म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पडदा आरशासारखा स्वच्छ. उत्तमची खुर्ची रिकामी. मागे सगळ्या जोड्या, पुढच्या रांगेत एकाच्या शेजारी जागा मोकळी.

पुकारा झाला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. टीव्हीतून आवाज आला, हजर. माझा आवाज. माझा, चिपळूणच्या हेलासकट.

मी ओरडले की खुर्चीत कोणी नाहीये. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आवाज तर आला, म्हणाले. तारीख पडली. मॅडमनी मला हाताला धरून खाली बसवलं. त्यांना उत्तम दिसला म्हणे, जरा वाळलाय, एवढंच. मी मागे वळून बघितलं. गंगुबाई उभी राहिली होती. तिच्या तोंडावरून कळलं. तिलाही खुर्ची रिकामीच दिसली. आम्हा दोघींनाच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज केला, की उत्तमला प्रत्यक्ष कोर्टात आणून उभं करा. फेटाळला. गेल्या दोन्ही तारखांना हजर आहे म्हणे, आणि तेवीस जानेवारीला तर त्याच्या वकिलांनीच तसं सांगितलंय. माझं नाव मोठ्यानं वाचलं, क्षिप्रा म्हणून. मी सांगितलं की चुकले, मी त्याला बघितलं नव्हतं, सगळे म्हणतात म्हणून म्हटलं. जजसाहेब माणूस वाईट नाहीत. म्हणाले, बाळ, हजर असलेल्या माणसाला शोधायचा हुकूम मी कसा देऊ? वरच्या कोर्टात जा. मॅडम म्हणाल्या, वरही हेच दाखवतील.

गंगुबाईनं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर तिनं शिव्या घातल्या असत्या, चार लोकांत मारलं असतं तरी चाललं असतं. तिनं एवढंच विचारलं, मग कान कोणी धरलेला गं?

मला रडू फुटलं. ती निघून गेली.

मीच घालवला तिचा पोरगा. तुरुंगानं नेला असेल, पण तो शोधायची वाट मी बंद केली. एका शब्दानं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी चहाच्या वेळेला पाय आपोआप दुमडतात. उकिडवी बसते. डोक्यावर हात पडतो. कोणाचा, दिसत नाही. तंबाखूचा वास. आणि तोंडातून तो शब्द निघतो. मी म्हणत नाही. निघतो.

आंटींनी बघितलं. माळ घेऊन प्रार्थना केली, मंतरलेलं पाणी शिंपडलं. कशाचा काही उपयोग नाही. लॅन्सी फोन उचलत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोर्टात मॅडम विचारत होत्या, क्षिप्रा कुठाय. मी त्यांच्या समोर उभी. हात धरला त्यांचा — धरला गेला नाही. मग टीव्हीतून — हजर.

मॅडम बरं म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

गंगुबाई मागे बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं. बघितलंच. मग तोंड फिरवलं. मी जिला दिसते अशी ती एकटीच, आणि तिनं —

२७ फेब्रुवारी

माझ्या खोलीत मुलगी आलीय. सोनल. मॅडमची नवी ज्युनियर. आंटी तिला सुनावत होत्या, किती ती वाळकी पोर.

आईला फोन लावला. आई म्हणत राहिली, आवाज येत नाही, आवाज येत नाही. मग बोलायला लागली. माझ्याशी नाही. माझ्याशीच, पण — जेवलीस का गं, विचारत होती. कोणीतरी हो म्हणालं.

आई, मी नाही गं ती.

६ मार्च असावी. उत्तमची तारीख आहे

फरशी गार. उठता येत नाही, गिनती व्हायचीय.

शेजारी उत्तम आहे. इथेच होता. ताप आहे अजून, अंग भाजतंय. वहीतलं पान फाडून दिलं त्याला, कागद हवा होता ना — बोटांतून खाली पडलं.

मी कच्ची की पक्की, विचारलं शिपायाला. ऐकू जात नाही. मला रकाना नाही.

समोर बारका टीव्ही. त्यात आपलं कोर्ट. मॅडम नाहीत, अडकल्या असतील. शेवटच्या बाकावर गंगुबाई. आलीय. एवढं होऊनही आलीय बिचारी.

पुकारा —

त्यानं कान धरला! गंगुबाई, धरलाय बघ, खरंच धरलाय, आत्ता खोटं नाही बोलत मी — डोळे बारीक करतेय. तिकडे चित्र गेलंय. नुसते ठोकळे दिसत असतील.

मी ओरडतेय. आवाज जात नाही.

पुन्हा पुकारा. शिरस्तेदार मान हलवतायत. कोणाकडे — सोनल. उठली. हसतेय, पहिलीच वेळ असेल.

अगं नको. सोनल, नको गं. दिसत नाही म्हण. एवढंच म्हण, की दिसत नाही. आम्ही दोघं इथे आहोत, तू ते म्हटलंस की कोणी शोधणार नाही, आणि मग तुझीही — गंगुबाई, उठ, तिचं तोंड दाब, उठ ना, तुला दिसते ना मी — उघडलं तिनं तोंड — म्हणू नकोस, म्हणू नकोस ह