आरशातलं शिखर

ताई,

काल फोनवर तू पुन्हा म्हणालीस, "जाण्याआधी बाबांना बर्फाचं शिखर दाखवलंस, फार बरं केलंस." मी नुसतं हूं केलं.

दाखवलं नाही गं. मी मॅनेजर होतो त्या टूरबरोबर त्यांना नेलं खरं, पण तीन दिवस ढग हललेच नाहीत. चौथ्या सकाळी आमची बस परत निघाली आणि दुसऱ्याच वळणावर मागे शिखर लख्ख उघडलं. मला ते आरशात दिसलं. ड्रायव्हर म्हणाला, "थांबू?" थांबलो असतो तर तीसजण फोटोंना उतरले असते आणि खालची रेल्वे चुकली असती. मी ओठांवर बोट ठेवलं. शेजारी बाबा डोळे मिटून बसले होते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ते हसत म्हणाले, "तेव्हा जागाच होतो रे. पण मागे वळून पाहिलं असतं, तर तुला गाडी थांबवावी लागली असती."

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही. त्यांच्या फोटोशेजारी तू शिखराचं चित्र लावलंयस ना? तुझ्याकडे आलो की मी त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतो.

तुझा,
मॅनेजर