बाबांच्या नावाचं दार

प्रिय टोरुन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे स्टोव्हमध्ये टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

काल दुपारी कॉफी पिताना ऑफिसातली ब्योर्ग म्हणाली, "स्वेर्रे, तुमच्या आडनावावर कुणीतरी चपला विकतंय." मला थट्टाच वाटली. बाबांनी सुरू केलेली आपल्या घरची वेबसाइट उघडली आणि हादरलोच. बाबांच्या होडीचा फोटो नाही, वॅफल करणाऱ्या आईचा नाही. नुसत्या चपला, त्याही जांभळ्या.

वेबसाइटांची नावं सांभाळणं हे माझं कामच, तुला ठाऊक आहे. नाव टाइप केलं की यंत्र आधी नोंदी ठेवणाऱ्याला विचारतं, हे कुठल्या दारी नेऊ? नोंदीत असेल तिथं नेतं. आपलं नाव दरवर्षी पुन्हा नोंदवावं लागतं. त्याच्या सूचना बाबांच्या ईमेलवर यायच्या, आणि ते गेल्यावर ती पेटी मीच बंद केली. सूचना दुसऱ्याही कुणाच्या पत्त्यावर येऊ द्या, असं दिवसभर लोकांना बजावत असतो. मोठा शहाणा!

मार्चमध्ये नाव सुटलं आणि लगेच कुणीतरी उचललं. मार्च म्हणजे होडी विकण्यावरून आपण कडाकडा भांडलो तो महिना. "तुझा तिच्यावर काय हक्क?" असं मी बोलून गेलो. जीभ झडली नाही माझी. पण होडी मी विकली नाही गं. तिला रंगसुद्धा दिला. हे सगळं तुला ईमेलवर लिहिलं, तीनदा माफी मागितली. तुझं उत्तर नाही, मग मीही फुगून बसलो.

ब्योर्गनं कप खाली ठेवून विचारलं, "तुझ्या बहिणीचा ईमेल कोणत्या नावावर आहे?"

त्याच नावावर. माझे तिन्ही ईमेल चपलावाल्याकडे गेले, आणि त्यानं ते मुकाट्यानं ठेवून घेतले. तुझी पेटीही भांडणानंतर आठवड्याभरात उघडेनाशी झाली असणार. भावानं रागानं दार लावून घेतलं, असंच तुला वाटलं असेल ना? मी नाही लावलं, टोरुन. येत्या एकोणीस जुलैला माझ्या लेकीचं, इंग्विलचं लग्न आहे. आमंत्रणही तिकडंच गेलं. चर्चला ती आजोबांच्या होडीतून जाणार आहे, आणि सुकाणू आत्यानंच धरायचं, असा तिचा हट्ट आहे. मी तिला सांगून बसलोय की आत्या येणार नाही म्हणाली. आता येऊन मला खोटं ठरव.

तुझाच वेंधळा,
स्वेर्रे