कुंडीतली पहिली मिरची

शालिनी,

फ्रिजमधलं दही शोधू नकोस, मीच संपवलं. तू बी पेरून वाढवलेल्या लवंगीला धरलेली पहिली मिरची आज लाल झालेली दिसली, म्हणून गच्चीत उभ्याउभ्याच चावून बघितली. तिखट लागली! नाकाडोळ्यांतून पाणी, कानातून धूर. मग धावत खाली येऊन मीठ चाखलं, ते खारट लागलं. गूळ गोड लागला. तापातून उठल्यापासून मेलेली जीभ जिवंत झाली, शालू.

अनिशला तूच लगेच फोन कर. मी केला होता, पण तिखटाने तोंडातून शब्द फुटेना. पोरगं घाबरलं असेल.

परवाची आमटी अळणी होती, हे तू पहिला घास घेतलास तेव्हा मला कळलं. तोवर मी 'झकास' म्हणून वाटी संपवली होती. तुझं उतरलेलं तोंड मी विसरलो नाही.

सयाजीगंजला सेवउसळ आणायला जातोय. तरी जास्त घालून आणतो. कुंड्यांना पाणी घाल आणि उरलेल्या मिरच्या तोडू नकोस, बियाण्याला एक ठेवायची आहे.

आणि यापुढे आमटीत मीठ विसरलीस, तर भांडण होईल.

बाळकृष्ण