लाल टोक

७ फेब्रुवारी

ती आली! आमच्याच शाळेत!

ट्रेनिंग कॉलेजच्या मुली सराव पाठ घ्यायला येणार, एवढं मामाने सांगितलं होतं. त्यांच्यात ती असेल हे कोण सांगणार? मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या पुसत होतो. अंगात निळा डगला, खांद्यावर फडकं. दारातून आवाज – "चुंबकं कुठे मिळतील?" वळलो. पडता पडता वाचलो.

"तू इथे?"

"मी नाही. माझा जुळा भाऊ."

हसली. मग डगल्याकडे बघितलं आणि हसू मध्येच राहिलं.

कॉलेजात दोन वर्षं एका टेबलावर प्रयोग केले. मी मोजायचो, ती लिहायची. कॉलेज का सोडलंस, हे तिने विचारलं नाही. ती होतीच तिथे. तोंडी परीक्षेत सरांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं, "तुमच्या डोक्यात लोखंड आहे, आणि तेही न चुंबकलेलं!" सगळे हसले. मी चुंबकमापी टेबलावर आपटला आणि बाहेर पडलो. डोक्यात राख घातली की मला दार तेवढं दिसतं. मागे बघितलंच नाही. तीही हसली होती का, हे आजवर माहीत नाही.

मग मामाने मला इथे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटवलं. तो इथे कारकून. म्हणतो, "लोखंड म्हणून कुठेतरी चिकटलास तरी!"

आज जेवलो नाही. आई म्हणाली, पोट बिघडलं का? हो म्हणालो.

९ फेब्रुवारी

तिला 'चुंबकत्व' हाच धडा मिळालाय. आठवीचा वर्ग. अठरा तारखेला पाठाची परीक्षा, मागच्या बाकावर परीक्षक बसणार.

चुंबकांची दशा बघवत नाही. माझ्या आधीच्या माणसाने सगळे पट्टीचुंबक एका पत्र्याच्या डब्यात कोंबलेले – लाल टोकाशेजारी लाल, म्हणजे उत्तरेशेजारी उत्तर, निळ्याशेजारी निळं. असे ठेवले की एकमेकांना मारतात. वर पोरांनी पाडून पाडून उरलीसुरली ताकद घालवलेली. एकाला टाचणी लावली, ती धरता येईना त्याला. म्हातारं माणूस कुलूप उघडायला बघतं तसं वाटलं.

"यांच्यात जीव आणता येईल?" तिने विचारलं.

"मी आणतो." छाती काढून म्हणालो. तिने मान डोलावली आणि माझ्या टेबलावर बसून टाचण काढत बसली. तिला मधेच मान खाजवायची सवय अजून आहे.

१० फेब्रुवारी

वाईट बातमी. तिच्या सोबत एक जाड चष्मेवाली येते, तिची मैत्रीण. तिच्याकडून कळलं. कुठल्याशा बेटावर शाळा आहे. विज्ञानाला शिक्षक पाहिजे, राहायला खोली देतात. तीन वर्षांचा करार. चष्मेवालीला नाही, तिला बोलावलंय! पाठ पास झाली की कळवायचं. इथल्या शाळेतही जूनमध्ये जागा निघतेय, आमच्या विज्ञानाच्या बाई निवृत्त होतायत. पण इथे कोण राहील? इथे काय आहे?

मी आहे. पण हे 'काय आहे'मध्ये धरत नसावेत.

१२ फेब्रुवारी

तिचा सराव ऐकला. मी मागे बरण्या पुसायचं नाटक करत होतो. (बरण्या इतक्या स्वच्छ कधी नव्हत्या!) नरम लोखंड शिकवत होती. "नरम लोखंड चुंबकाजवळ नेलं की लगेच चुंबक होतं. दूर केलं की लगेच विसरतं. पोलाद चुंबक व्हायला वेळ लावतं, पण एकदा झालं की धरून ठेवतं."

पोरांना सांगत होती. मला नाही. ठाऊक आहे. तरीसुद्धा.

संध्याकाळी बसथांब्यापर्यंत बरोबर गेलो. म्हटलं, "बेट लांब आहे का?" "बोटीने पाऊण दिवस." "जाणार?" "बघू," म्हणाली. "अडवायला कोण बसलंय!" आणि हसली. त्यावर काय बोलायचं? आता बिछान्यावर पडल्यावर अठरा उत्तरं सुचतायत. तेव्हा मी काय म्हणालो – "बस आली."

बस आली!! गाढव.

१५ फेब्रुवारी

दादा म्हणाली.

भर वर्गात. "दादा, जरा लोहकीस देता का?"

दादा! आणि वर 'देता का'!

मान्य, शाळेत मला सगळे दादाच म्हणतात. पोरं म्हणतात, शिक्षक म्हणतात, मुख्याध्यापिका म्हणतात. डगल्याचंच ते नाव. पण तिने? दोन वर्षं एका टेबलावर अरे-तुरे करून? काही नाव नव्हतं घ्यायचं तर 'ए' म्हणायचं! 'शुक शुक' करायचं! दादा म्हटल्यावर मुलीच्या मनात पुढे काही उरतं का? दार लावून कडीच घातली ना!

लोहकिसाची डबी दिली. आपटूनच. अर्धा कीस जमिनीवर.

शाळा सुटल्यावर एकटाच थांबलो आणि चुंबक घासायला बसलो. परीक्षेसाठी आजच तयार ठेवायचे होते. मोठा नवा चुंबक घ्यायचा, त्याचं उत्तर टोक जुन्या पट्टीवरून एका दिशेने ओढत न्यायचं, शेवटी उचलायचं, लांबून फिरवून पुन्हा पहिल्या जागी. एकस्पर्श पद्धत. डोळे मिटून येते. दर घासण्याला मनात एकच – दादा. दादा. दादा. चार पट्ट्या केल्या. बाकीच्या दोन बऱ्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. टाचण्या लावून बघितल्या – झुपके लटकले! घ्या म्हणावं. दादाने जीव आणला.

१८ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

लिहितो. नाहीतर डोकं फुटेल.

परीक्षक दोघे, मागच्या बाकावर. ती फिकट साडीत, आवाज नीट, फळ्यावरचं अक्षर सुरेख. मी दाराशी उभा. तिने डब्यातून दोन चुंबक उचलले. "सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात. आता बघा हं, मी लाल टोकाजवळ लाल टोक आणते –"

खट्!

चिकटले.

मग मागून एक कार्टं – "मॅडम, यांचं पटलं!" सगळा वर्ग फुटला. तिने ओढून सोडवले, पुन्हा जवळ नेले. पुन्हा खट्. तिसरा घेतला, तो एकाशी ढकलतो, दुसऱ्याशी चिकटतो. आता तिला तरी कसं कळावं कोण खरा, कोण खोटा! पुढचं वाक्य विसरली. फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते. परीक्षक लिहीत होते. अजून लिहीत होते.

मला त्याच क्षणी कळलं. घासणं जिथे संपतं, तिथे उलटा ध्रुव तयार होतो. उत्तर टोकाने घासायचं तर लाल टोकापासून सुरुवात करून निळ्यावर उचलायचं. मी निळ्यापासून सुरुवात केली आणि लाल टोकावर उचललं. चारही पट्ट्या उलट्या! रंग एक, पोटात दुसरंच. होकायंत्राजवळ नेलं असतं तर एका मिनिटात दिसलं असतं. मी टाचण्यांवर भागवलं. टाचणी काय, कुठल्याही टोकाला चिकटते. आठवीच्या पुस्तकात ठळक छापलंय – प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी. पाठ आहे मला! घोकलेलं आहे! माझं पितळ उघडं पडलं म्हणायचं – आणि पितळेला तर चुंबकही जवळ घेत नाही.

तास संपल्यावर ती आत आली. दार लोटून घेतलं. डोळे कोरडे. हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलंस?"

नाही म्हणायचं होतं. एवढंच. पण नाही म्हटलं की पुढे सांगावं लागणार – मला घासता येत नाही. दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकून, सरांसमोर चुंबकमापी आपटून आलेल्या शहाण्याला आठवीचा प्रयोग येत नाही! डोक्यात खरंच लोखंड आहे! तिच्यासमोर हे? मेलो तरी नाही.

म्हणालो, "हो. मुद्दाम."

तिने बराच वेळ बघितलं. मग गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मूर्ख ठरण्यापेक्षा नीच ठरलो! आणि तेही आवाज चढवून, ताठ मानेने!

२१ फेब्रुवारी

नापास. पाठ पुन्हा द्यायचा, चार मार्चला. चष्मेवालीने सांगितलं. "ज्याने केलं त्याचे हात झडोत," म्हणाली, माझ्याकडेच बघून. तिला सांगितलेलं दिसत नाही. तरी बोलणं बरोबर पत्त्यावर पोचलं.

२३ फेब्रुवारी

आई म्हणते, चेहरा का असा? मामा म्हणतो, प्रेमात पडला असेल, या वयात पडायला खड्डे फार. दोघं हसली. मी ताट सरकवून उठलो.

२५ फेब्रुवारी

हे काय ऐकतोय! मुख्याध्यापिकांनी चौकशी केली – साहित्यात गोंधळ कुणाचा? मामा घरी येऊन सांगत होता. ती म्हणाली, "चुंबकं जुनी होती. मी आधी तपासायला हवी होती. चूक माझी."

माझी नोकरी वाचवली. मी तिचा पाठ पाडला, वर मुद्दाम पाडला म्हणालो, आणि तिने स्वतःवर घेतलं. का? कीव? कीवच असणार. डगल्याची कीव. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. निदान गालावर काही राहिलं असतं.

२८ फेब्रुवारी

ती प्रयोगशाळेत आली. एकटी. मी होकायंत्राची काच पुसत होतो. वर बघितलं नाही.

"खरंच मुद्दाम?"

"एकदा सांगितलं ना!"

"का पण?"

काच जोरजोरात घासली.

"बोलणार नाहीस?"

"तुला काय करायचंय!"

मग म्हणाली, "वेडा आहेस." आणि ओठ मुडपून – हसली? थट्टाच ती. दारापाशी जाऊन पुन्हा एकदा वळून बघितलं. माझी फजिती डोळे भरून बघून घेत असेल.

काच पुसता पुसता फोडली.

२ मार्च

चारही पट्ट्या पुन्हा घासल्या. या वेळी लाल टोकापासून. एकेक दोऱ्याला टांगली, थांबेपर्यंत वाट बघितली. लाल उत्तरेला. चारही. दोन-दोनच्या उलटसुलट जोड्या लावून मध्ये लाकडाची पट्टी ठेवली, दोन्ही टोकांना नरम लोखंडाचे तुकडे. आता वर्षभर ताकद जाणार नाही.

एवढं त्याच दिवशी केलं असतं तर!

ठरवलंय. पाठ झाला की खरं सांगणार. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि तेही माझ्या खोट्यावर! हे गळ्याशी आलंय. मूर्ख तर मूर्ख. म्हणू दे.

४ मार्च

झालं! सगळं झालं! किती दिवसांनी श्वास घेतोय.

पाठ सुंदर झाला. लालजवळ लाल आणलं, दुसरा चुंबक टेबलावरून सर्रकन मागे पळाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक जाताना तिला म्हणाले, "छान. बेटावर नशीब काढलं म्हणायचं." ती म्हणाली, "बघू अजून."

सगळे गेल्यावर ती तक्ते गुंडाळत होती. मी दार लावलं आणि एका दमात बोललो. "मुद्दाम नव्हतं. मला घासायची दिशा चुकली. लाल टोकावर उचललं. होकायंत्राने तपासलं नाही. लाज वाटली म्हणून मुद्दाम म्हणालो."

तिचा हात थांबला. "म्हणजे – चूक?"

"नुसती चूक."

"माझ्यासाठी – म्हणजे, माझ्यामुळे काही नव्हतं?"

तिला वाटायला नको की मी तिच्यावर डूख धरला होता. म्हणून छातीवर हात ठेवून म्हणालो, "शप्पथ नव्हतं! तुझा विचारसुद्धा नव्हता डोक्यात!"

(हे खोटं. पण एवढं चालतं.)

ती तक्त्याला दोरी बांधत राहिली. नीट, घट्ट. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

रागावली नाही! हसलीसुद्धा नाही माझ्या अडाणीपणाला! माफ केलं तिने. हलकं वाटतंय. चालत घरी आलो, दोनदा जेवलो, आई बघतच राहिली.

उद्या विचारणार. सरळ. बेटावर जाऊ नकोस म्हणणार. जूनची जागा आहे, मी आहे. यंदा परीक्षेला बसतो म्हणणार. बस आली तरी हलणार नाही!

५ मार्च

ती आली नाही. चष्मेवाली आली, तिची राहिलेली पुस्तकं न्यायला.

म्हणाली, "बेटाला तिने गेल्या आठवड्यात 'नाही' म्हणून कळवलं होतं, माहितीये? म्हणायची, 'मी जाऊ नये म्हणून कुणीतरी माझा पाठ पाडला गं. इतकं कोण करतं कुणासाठी?' नाव काही सांगेना, नुसती हसायची. आणि काल संध्याकाळी अचानक फोन करून हो म्हणाली. सकाळच्या बोटीने गेलीसुद्धा. मध्ये काय झालं रे? तुला काही बोलली?"

नाही म्हणालो.