कोणालाच चालवता न येणारी गाडी

बाबा,

तुमच्या गाडीचं कर्ज फिटलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला जाऊन त्याहून थोडी जास्त. घरात हा विषय कोणी काढत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते, कारण गाडीही तुमची होती आणि कर्जही तुमचंच.

तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्या मोबाइलवर बँकेचा फोन आला. हप्ता थकला होता आणि ती बाई तुम्हाला विचारत होती. मी म्हटलं, ते वारले. ती म्हणाली, "बरं, मग कधी भरणार?" मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं. राग नाही, रडू नाही, भूक नाही. येऊन भेटते, म्हटलं आणि फोन ठेवला.

देवळीच्या शाळेतले माझे तास संपल्यावर तिथूनच बस धरली. तुम्ही चालवायचात त्याच रूटची. कंडक्टरने ओळखलं आणि तिकिटाचे पैसे घ्यायला तो अवघडला, मी बळेच दिले. वर्ध्याला बँकेत कर्जाच्या टेबलावर एक साहेब होते, माणूस भला. मृत्यूचा दाखला त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे मॅडम, फक्त या अर्जावर कर्जदाराची सही लागन." मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं त्यांनाच कळलं, कपाळाला हात लावला आणि माझ्यासाठी चहा मागवला. कर्जाचा विमा होता का, असं मी विचारलं. विमा नको म्हणून तुम्हीच सही केलेली निघाली. 'मले का होते' म्हणत केली असणार, मला माहीत आहात ना तुम्ही. साहेब म्हणाले, आता दोनच वाटा आहेत. सगळी रक्कम एकदम भरा, नाहीतर गाडी आमच्याकडे जमा करा, आम्ही ती लिलावात काढू.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी पुण्याहून दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "आपल्या घरात कोनाले गाडी चालवता येते?" तो म्हणाला. "ठेवून का करतं? देऊन टाक." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुम्ही जन्मभर महामंडळाची बस चालवलीत, पण आम्हा दोघांना स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. एका रविवारी सिंदी मेघेतल्या आपल्या घरासमोर तुम्ही गाडी धूत आहात आणि मी सहज तुमच्या जागेवर बसले आहे. "पहिले उतर तिथून," तुम्ही बादली ठेवून ओरडता, "ते काय मास्तरनीची खुर्ची हाय?" सगळी गल्ली हसते. नोकरीला लागलेली बाई मी, कानापर्यंत लाल होते. नंतर आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हाला ते कळलंही नाही, कारण तुम्ही तसेही कमीच बोलत होतात.

आई कांदा चिरत होती. विळी बाजूला सरकवून फोनकडे तोंड करून म्हणाली, "त्याइनं सारं आयुष्य सरकारच्या गाडीत काढलं. सोताची म्हनून हे एकच होती. थेही लोकं वढून नेतीन अन् मी वट्ट्यावर बसून पायत राहू काय?" दादाने फोन ठेवला.

मी माझ्या फंडातून पैसे काढले. यात माझा मोठेपणा नव्हता. आईशी वाद घालायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती, पैसे भरणं सोपं होतं. दादाने पुण्याहून संमती पाठवली, आईने दाखवलं तिथे तिथे सही केली. कर्ज संपल्याचा कागद देताना ते साहेब उठून उभे राहिले. "गाडी मोकळी झाली तुमच्या बाबांची," म्हणाले. मी खाली उतरले, रस्त्यावर उसाचा रस प्यायले. गोड होता, एवढंच समजलं.

गाडी दारातच उभी राहिली. आई रोज तिच्यावरची धूळ पुसायची. शेजारचे काका येताजाता म्हणायचे, "विकून टाक पोरी, नाई त उंदरं वायर खातीन." शेवटी मीच मोटार ट्रेनिंगला नाव घातलं. शिकवणारा माझ्याहून लहान होता आणि मला भिऊन असायचा.

लायसन मिळाल्यावर आईला घेऊन देवळीला मावशीकडे निघाले. आई मागे बसली. मी चावी फिरवली, गिअर टाकला आणि तशीच बसून राहिले. पाय क्लचवरून उठेना. बसमध्ये कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय तुम्ही चाक हलवत नव्हतात. स्वतःच्या गाडीतही ती सवय गेली नाही. आईने मागून काचेवर दोनदा टकटक केलं की मगच तुम्ही निघायचात आणि आम्ही पोरं त्यावर हसायचो. आई जरा वेळ माझ्या पाठीकडे बघत असावी. मग तिने काचेवर टकटक केलं, दोनदा. मी क्लच सोडला. सावंगी गाव मागे पडलं. मग ती म्हणाली, "गेअर बदल व बाई, गाडी रडून राह्यली."

हे पत्र टाकायला जागा नाही, हे मला कळतं. आईचे गुडघे धरलेत, ती आता बाहेर पडत नाही. शाळेत मी एकटीच गाडी घेऊन जाते. सकाळी इंजिन सुरू करते आणि बसून राहते. मागून कोणी बेल देणार नसतं. थोडा वेळ थांबते, मग निघते. काकांना वाटतं मॅडम इंजिन गरम करतात, आणि मीही त्यांना तसंच सांगितलं आहे.