डाव्या चाकाखालचं लिंबू

१३ मे, एनस्खेडे (नेदरलँड्स)
मुक्ताला स्टेशनवरून आणलं. निनादची धाकटी बहीण, हसणं अगदी त्याचंच. भेटल्याबरोबर म्हणाली, "समीरदादा, आईने विचारलंय, तब्येत बरी आहे ना आता?" चार महिने झाले, काकू अजून माझ्या तापाची चौकशी करतात.

ताप नव्हताच. १४ जाने.ला शेडमधला हीटर लावायची पाळी माझी होती. निनादच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये नुसतं पाणी, गोठलं तर इंजिन गेलं. मी मॅच बघत बसलो आणि नि.ला कळवलं, ताप आहे. "झोप तू," म्हणाला. स्वतःच सायकल काढली आणि पुलाजवळ बर्फावरून घसरून कालव्यात पडला. वाचला नाही. खरं काय ते फक्त या वहीत आहे.

१४ मे, होर्न
निघालो. नि.ची हॉट रॉड, नि.नेच आखलेली ट्रिप: समुद्र अडवणाऱ्या लांब बांधावरून हार्लिंगन, समुद्रापर्यंत. जुन्या मोटारीचा सांगाडा, कापून बुटकं केलेलं छप्पर, ट्रकचं इंजिन, बॉनेटचा पत्ता नाही. आमची मैत्रीण गौरी खास आइंडहोव्हनहून आलीय. आमच्यात नीट चालवता येते ती तिलाच.

काकूंच्या हुकमाने चार चाकांखाली चार लिंबं. तीन फुटली, पुढच्या डाव्या चाकाखालचं तसंच. ती ड्रायव्हरची बाजू.
"चाक बारीक आहे, निसटलं असेल," गौरी.
"आता राहू दे. समुद्रात टाकू," मुक्ता. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला गेली तर कप्पा अडकलेला. नि. वरच्या कोपऱ्यावर मूठ मारायचा, तशी मी मारली. उघडला.

मी आणि मुक्ता दोघंही मागे, गुडघे हनुवटीला. गौरीशेजारची सीट रिकामी. कुणी ठरवलं नव्हतं.

कालव्याच्या पुलावर इंजिन बंद. तोच पूल. गौरीने तीनदा स्टार्टर मारला. मग म्हणाली, "नि., पुरे आता." सुरू झालं! तिघंही हसलो.

१५ मे, हार्लिंगन
बांध. सरळच्या सरळ रस्ता, दोन्हीकडे पाणी. गाड्यांतून लोक हात करत होते. आवाज एवढा की बोलता येईना. तरी मध्येच शीळ ऐकू आली. काचेच्या फटीतून वारा असणार. नि. गाडी पुसताना घालायचा ती. मुक्ताही पुढच्या सीटकडे बघत होती.

कॉफीला थांबलो. मुक्ताने पर्समधून पॅरासिटामॉलची पट्टी काढली, न फोडलेली. "पोलिसांनी दिलेल्या सामानात होती. दादाच्या जॅकेटच्या खिशात. अंगात ताप असताना गेला का रे तो? आई रोज हेच घेऊन बसते. त्या दिवशी मी फोनवर त्याला तब्येतीचं विचारायला हवं होतं म्हणते."
गौरी म्हणाली, "अगं, ताप समीरला होता. त्याच्यासाठी घेतल्या असतील."
मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मग पट्टी माझ्या हातात दिली. "मग तुझ्याच आहेत या."
मी घेतली. थँक्यू म्हणालो. थँक्यू! लाज वाटते लिहिताना.

१६ मे, सकाळ
झोप नाही. पट्टी उशाशी.

उजाडल्यावर या वहीतलं १४ जाने.चं पान फाडलं. त्या दिवशी दुपारी, नि.ची बातमी सांगणारा फोन यायच्या आधी लिहिलेलं. 'नि.ला ताप सांगितला. बिचारा गेला. मॅच मस्त झाली.' एवढंच आहे त्यावर. खाली जाऊन कप्प्यात ठेवलं, लिंबाखाली. तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

वर आलो आणि धीर सुटला. काकूंना हे कळलं तर? आणि नाही कळलं तर त्या जन्मभर त्या फोनवरून स्वतःलाच दोष देणार.

खिडकीतून गाडी दिसते. मुक्ता किल्ली घेऊन निघालीय, लिंबू आणायला. खालून गौरी ओरडतेय, "समीर, चहा!" धावलो तर अजून गाठता येईल.

कप्पा अडकलाय. ती ओढतेय, उघडत नाही.

थांबली. मग वरच्या कोपऱ्यावर मूठ मारली.